पाटीवरची रिकामी जागा

देशाची शिक्षणपद्धती मुळापासून बदलायला हवी, असं त्र्यंबकराव आठल्ये यांना एका रविवारी सकाळी मोरीतल्या नळाखाली पातेलं धरून बसलेले असताना वाटलं. अशा वेळी माणसाला काय वाटेल याचा नेम नसतो. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं की प्लंबरला निरोप धाडावा. पण त्र्यंबकराव वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत हेडक्लार्क होते, शिवाय एम.ए. होते. तेही नोकरी सांभाळून, बाहेरून परीक्षेला बसून, दोनदा हात हलवत परत येऊन मिळवलेलं एम.ए. त्यामुळे कुठलाही प्रश्न आधी मुळापासून तपासायचा आणि मग वेळ उरला तर सोडवायचा, अशी त्यांची रीत होती.

प्रश्न म्हणाल तर साधा होता. नळ गळत होता. डोंबिवली पश्चिमेला कोपरच्या बाजूला त्यांची 'ज्ञानदीप' सोसायटी, तिथे नळाला पाणी सकाळी तेवढं यायचं, आणि ते असं मोरीतून चाललेलं पाहून कुणाचाही जीव तुटावा. समोरच्या ब्लॉकमधले उत्तमराव खैरनार धावून आले. ते बी.एस्सी. होते, शेतकी विषय घेऊन, आणि नोकरी बँकेत. त्यांनी नळाकडे बराच वेळ पाहिलं आणि पाण्याचा दाब, टाकीची उंची वगैरे समजावून सांगितलं. सोसायटीचे चेअरमन चांगदेवराव राणे, बी.कॉम., एलएल.बी., वकिली एक दिवस केली नव्हती, पण सोसायटीचे उपविधी झोपेत म्हणून दाखवायचे. त्यांनी गळती भिंतीच्या आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या, हा मुद्दा काढला, कारण त्यावर दुरुस्ती सभासदाने करायची की सोसायटीने हे ठरणार होतं. तेवढ्यात तळमजल्यावरचे काळुराम केणे आले. ज्ञानदीप उभी आहे ती जमीन मूळची त्यांची, म्हणून त्यांना खाली दोन खोल्या मिळालेल्या. ते म्हणाले, "फडका बांधा न् चा पियाला चला."

हे सगळं चाललेलं असताना शालनताई, म्हणजे त्र्यंबकरावांच्या पत्नी, जुन्या साडीची चिंधी घेऊन आल्या, "सरका जरा," म्हणाल्या आणि नळाचं तोंड आवळून बांधून पोळ्या लाटायला परत गेल्या. नळ गप्प झाला. प्लंबर येईपर्यंतची सोय झाली होती. पण त्र्यंबकरावांच्या डोक्यातली धार आता सुरू झाली होती.

"राणेसाहेब," ते म्हणाले, "आत्ता या मोरीत तीन पदवीधर उभे होते. एकालाही नळ बंद करता आला नाही. हे कुणाचं अपयश?"

"नळाचं," उत्तमराव म्हणाले.

"शिक्षणपद्धतीचं."

शहाऐंशी साल होतं. सरकारने नवीन शैक्षणिक धोरण जाहीर केलेलं, पेपरात रोज व्यवसाय-शिक्षणावर रकाने भरून यायचे. त्र्यंबकराव ते रकाने वाचत, लाल पेन्सिलीने रेघा मारत आणि शालनताईंना वाचून दाखवत. आता त्यांना वाटलं, दिल्लीचं दिल्ली बघून घेईल, त्यांना वेळ लागणारच, देश मोठा आहे. आपण ज्ञानदीपपासून सुरुवात करू. ते सोसायटीचे सेक्रेटरी होते, म्हणजे अधिकारही होता. आता करायचं काय हा प्रश्न, तर त्याचं उत्तर खाली जिन्यापाशीच टांगलेलं होतं.

ज्ञानदीपची नावांची पाटी ही मुद्दाम थांबून वाचावी अशी चीज होती. काळ्या फळीवर पांढऱ्या अक्षरांत सगळ्या सभासदांची नावं, आणि नावापेक्षा लांब त्यांच्या पदव्या. कुणी बी.ए. ऑनर्स, कुणी एम.कॉम. भाग पहिला. एका गृहस्थांनी नावापुढे 'इंटर आर्ट्स' लिहून घेतलं होतं आणि ते पेंटरने चुकून बारीक काढलं म्हणून त्याच्याशी अबोला धरला होता. काळुराम केण्यांच्या नावापुढे काय लिहावं यावर सभा झाली होती, तेव्हा 'जागामालक' असं ठरलं. त्र्यंबकरावांचं एम.ए. मात्र ठसठशीत होतं. ऑफिसातून येताना ते एकदा त्या अक्षरांकडे बघितल्याशिवाय जिना चढत नसत. हे ते कुणाला सांगत नसत, पण शालनताईंना वरच्या गॅलरीतून दिसायचं.

त्र्यंबकरावांनी ठराव मांडला तो असा: पाटीवरच्या पदव्या पुसाव्यात आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याला हाताने येणारं एक काम लिहावं. ठराव पडणार अशी सगळ्यांची खात्री होती. पण मतदानाला हात वर झाले तेव्हा लक्षात आलं की इंटर आर्ट्स, भाग पहिला आणि नुसतेच परीक्षेला बसलेले यांची ज्ञानदीपमध्ये भक्कम बहुसंख्या होती. चांगदेवरावांनी एकच अट घातली. उपविधीप्रमाणे पाटीवर फक्त सभासदाचं नाव येईल, घरातल्या दुसऱ्या कुणाचं नाही. दसऱ्याला लोक आपापल्या हत्यारांची, अवजारांची पूजा करतात, तेव्हा त्याच मुहूर्तावर नवीन पाटी लावायची आणि प्रत्येकाने आपलं अवजार खाली पूजेला मांडायचं, असंही ठरलं. ही कल्पना त्र्यंबकरावांचीच. त्यांना त्या रात्री फार छान झोप लागली.

सकाळी उठल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला काही येत नाही.

बाकीच्यांचं भराभर ठरत गेलं. उत्तमरावांनी लिहून दिलं, 'शिवणकाम'. त्र्यंबकराव चकित झाले. "तुम्ही शिवता?"

"आमच्या घरात शिवतात," उत्तमराव म्हणाले. "मशीन माझ्या नावावर आहे."

ही तोड इतकी सोयीची होती की दोन दिवसांत सगळ्या बिल्डिंगने उचलली. कुणी लोणची, कुणी विणकाम, आणि इंटर आर्ट्सवाल्यांनी 'पापड, सर्व प्रकारचे'. काळुराम आधी म्हणाले, "मना भात लावाला येतं. पन माझ्या शेतान तं तुमची बिल्डिंग हाय." मग त्यांनीही 'तांदळाच्या भाकरी' लिहून दिल्या. त्या सखुबाई, त्यांची बायको, थापायच्या. त्या भाकऱ्या खाल्लेला माणूस पुढे आठवडाभर पोळीकडे बघत नसे.

तत्त्वाचा माणूस म्हणून त्र्यंबकरावांना हे खटकायला हवं होतं, आणि खटकलंही, साधारण एक संध्याकाळभर. मग ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. शालनताईंच्या चकल्या हा डोंबिवलीत दोन्ही बाजूंना माहीत असलेला विषय होता.

"अगं, मी काय म्हणतो. माझ्या नावापुढे 'चकली' लिहावं म्हणतो."

"का? तुम्ही चकली आहात?"

"चकली करणे."

"कधी केलीत?"

"अगं, घर एकच ना आपलं? सगळ्यांनी तसंच लिहिलंय."

शालनताईंनी गॅस बारीक केला. "हे बघा, चकली लिहायची तर पुढे माझं नाव लिहा. एवढी वर्षं मी भाजणी भाजतेय, तिखटाने हात जळतात माझे. तुम्हाला एम.ए.ला दोनदा यश आलं नाही, तेव्हा मी माझं बी.ए. दिलं होतं का तुम्हाला वापरायला?"

शालनताई बी.ए. होत्या, पहिल्या वर्गात. हे पाटीवर कधीच नव्हतं आणि खरं सांगायचं तर त्र्यंबकरावांच्याही ध्यानात राहिलेलं नव्हतं.

"पण उपविधीत बसत नाही," ते म्हणाले.

"मग राहू द्या रिकामं."

आता अभिमानाचा प्रश्न आला. सेक्रेटरीचं नाव, ज्याने ठराव आणला त्याचं नाव, आणि त्याच्यापुढे रिकामी जागा, हे दृश्य त्र्यंबकरावांच्या डोळ्यांसमोरून हलेना. दसऱ्याला दिवस थोडे होते. त्यांनी वाचनालयातून घरगुती विजेच्या कामावरचं पुस्तक आणलं. तिसऱ्या प्रकरणापर्यंत ते पोचले होते आणि नेमका त्याच सुमाराला पाण्याच्या पंपाचा फ्यूज उडाला. त्र्यंबकरावांनी सगळ्यांना बाजूला केलं, आस्तीन वर सारली आणि फ्यूज पुन्हा म्हणून उडता कामा नये या हेतूने चांगली जाडजूड तार बसवली. फ्यूज खरंच पुन्हा उडाला नाही. मोटार जळली.

मोटार दुरुस्तीला गेली. तोवर सगळी ज्ञानदीप आवारालगतच्या काळुरामांच्या विहिरीवर. बादल्या घेऊन रांगेत उभे राहिलेले पदवीधर बघायला काळुराम खुर्ची टाकून बसत. "लग्नान आमच्या बायका पानी भराच्या," ते म्हणत, "आता एम.ए. भरतान." त्र्यंबकरावांना कुणी टाकून बोललं नाही. नुसतं जिन्यात भेटल्यावर बादली या हातातून त्या हातात घेत. ते जास्त लागायचं.

दसऱ्याला दामाजी पेंटरने नवी पाटी टांगली. खाली टेबलावर अवजारं मांडली होती: शिवणाचं मशीन, पोळपाट, विणायच्या सुया, सखुबाईंची भाकरीची परात. प्रत्येकापाशी एकेक पुरुष सोवळ्यात असल्यासारखा उभा. त्र्यंबकरावांनी आपलं फाउंटन पेन ठेवलं होतं, पण चांगदेवरावांनी ते उचलून 'पेन तर सगळ्यांकडेच असतं' असं म्हणून परत दिलं. पाटीवर 'त्र्यंबक आठल्ये' आणि पुढे काळी फळी. त्या काळ्या जागेत दामाजीने सवयीने एक पूर्णविराम देऊन ठेवला होता. शालनताईंनी आरती म्हटली आणि त्या वर निघून गेल्या.

पुढे जे झालं ते पाटीमुळेच झालं, म्हणजे एका अर्थी शिक्षणसुधारणेमुळे. दिवाळी तोंडावर होती. रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांनी पाटी वाचली आणि लोक वर चढायला लागले. एक बाई ब्लाउजपीस घेऊन उत्तमरावांच्या दारात उभी राहिली आणि विचारती झाली, "उत्तमराव खैरनार ते तुम्हीच ना? माप घ्यायचं होतं." उत्तमराव गंजिफ्रॉकवर होते. बाईने त्यांच्याकडे बघितलं, पीस पिशवीत घातलं आणि आल्या पावली खाली गेली. संध्याकाळी तिचा भाऊ आला. त्याच्याशी बोलायला उत्तमरावांनी त्र्यंबकरावांना पुढे केलं. त्र्यंबकरावांनी त्याला राष्ट्रीय धोरण समजावून सांगितलं. भाऊ म्हणाला, "वो सब ठीक है काका, पण हा माणूस बायकांची मापं का घेतो?" शेवटी खैरनार वहिनी बाहेर आल्या तेव्हा कुठे त्याचा आवाज खाली आला.

काळुरामांकडे कळव्याहून एका लग्नघरचे लोक भाकऱ्यांची ऑर्डर घेऊन आले आणि 'काळुराम आचारी' कुठे राहतात असं विचारू लागले. इंटर आर्ट्सवाले पापडाचं नाव काढलं की घरात लपू लागले, कारण त्यांच्या मंडळींनी सरळ संप केला होता. म्हणाल्या, नाव यांचं, तर लाटू देत यांना.

आणि मग एका दुपारी वॉर्ड ऑफिसातून शिवराम तरे सायकलवरून आले. मऊ बोलणारा, सौजन्याचा माणूस. सायकल भिंतीला लावून त्यांनी पाटी वरपासून खालपर्यंत वाचली, पुन्हा एकदा वाचली आणि सेक्रेटरींना बोलावणं धाडलं.

"साहेब, मी काय बोलतो," ते म्हणाले, "राहायची इमारत म्हणून तुमची नोंद आहे. आणि इथे तर बाजारपेठ लागलीय. शिवणकाम, लोणची, पापड, भाकऱ्या. धंद्याच्या जागेचा कर वेगळा असतो. परवानग्या पण लागतात."

"अहो, हा धंदा नाही. ही शैक्षणिक सुधारणा आहे."

"ते वरती कळवतो मी. पण पाटीवर तसं लिहिलेलं नाही."

तातडीची सभा भरली, तऱ्यांनाही तिथेच बसवून घेतलं. कराचं नाव ऐकताच सगळ्यांची कौशल्यं वितळून गेली. चांगदेवरावांनी कायदेशीर तोडगा काढला: प्रत्येकाने 'पाटीवर लिहिलेलं काम मला येत नाही' असं सही करून द्यायचं, आणि पाटीवर पुन्हा पदव्या लावायच्या. उत्तमराव तर पहिले उठले. "मला सुईत दोरा ओवता येत नाही," हे त्यांनी इतक्या अभिमानाने सांगितलं की टाळी पडायची राहिली. एकामागून एक सभासद उठून आपल्याला काय येत नाही ते शिवराम तऱ्यांना सांगत होता. त्र्यंबकराव मान खाली घालून मसुदा लिहीत होते. देश सुधारायला निघालेल्या माणसाच्या हातून 'आम्हांस काहीही येत नाही' हे वाक्य बाहेर पडत होतं, आणि भाषा उत्तम साधली होती.

शेवटी त्यांनी सहीसाठी पेन उघडलं.

"तुम्ही नको, साहेब," शिवराम तरे अगदी आदराने म्हणाले. "तुमचं पाटीवर आधीच आहे."

त्र्यंबकरावांनी पेनाला टोपण परत लावलं. 

तेव्हा दारातून शालनताई आत आल्या. त्यांच्या मागे सखुबाई, खैरनार वहिनी आणि ज्ञानदीपच्या बाकी सगळ्या बायका. शालनताईंच्या हाताला भाजणीचं पीठ होतं.

"यांनी लिहून दिलंय ते खरं आहे," त्या तऱ्यांना म्हणाल्या. "यांना येत नाही. पण मग इथे शिवतं कोण, लाटतं कोण, तेही लिहून घ्या. आमच्या नावाने करायचं म्हटलं, तर काय कागद लागतात?"

तऱ्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. घरच्या घरी, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नावाने अर्ज करत असतील तर गोष्ट वेगळी, ते म्हणाले, साहेबांशी बोलून बघता येईल. चांगदेवराव उठले, "पण पाटीवर सभासदाशिवाय..."

"तुमची पाटी तुमाला र्‍हाउंदे," सखुबाई म्हणाल्या. "हिरीची भित आमची हाय. तिकरं लावू."

अशी विहिरीच्या भिंतीवर दुसरी पाटी लागली. वर 'शालन आठल्ये, चकली व भाजणी', खाली सखुबाई, त्याखाली खैरनार वहिनी आणि बाकीच्या. अर्जांचे मसुदे त्र्यंबकरावांनीच केले. शिवराम तऱ्यांचे साहेब जिन्यापाशीच्या कामांच्या पाटीवरून बिघडले होते, पण ती पुसायचं कबूल झाल्यावर निवळले. दामाजी पेंटर रंगाचा डबा घेऊन जिन्यापाशी बसला आणि एकेकाची पदवी परत काढत आला. इंटर आर्ट्स या वेळी मोठ्या अक्षरांत निघालं.

"आठल्येसाहेब, तुमचं एम.ए. ना?" त्याने ब्रश बुडवत विचारलं.

त्र्यंबकरावांनी तोंड उघडलं होतं. त्या दोन अक्षरांसाठी त्यांनी आयुष्याची किती वर्षं घातली होती हे त्यांचं त्यांना माहीत. वर गॅलरीत शालनताई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी खाली बघितलं नाही.

"राहू दे रिकामं," त्र्यंबकराव म्हणाले. "नुसता तो पूर्णविराम तेवढा पुस."

दामाजीला वाटलं, साहेब रागावलेत.

त्या संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर त्यांनी हात धुतले आणि स्वयंपाकघरात पाट मांडून बसले. "मला शिकव," म्हणाले. शालनताईंनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं आणि पितळी सोऱ्या पुढे सरकवला. पहिल्या दिवशी पीठ कोरडं पडलं आणि चकलीचे तुकडे झाले. दुसऱ्या दिवशी मोहन जास्त पडलं आणि चकल्या तेलात विरघळून गेल्या. हेडक्लार्कला आपल्या हाताखालच्या माणसांची चूक दाखवायची सवय, आणि इथे शालनताई चूकही दाखवत नव्हत्या. नुसतं "पुन्हा" म्हणत. एकदा त्र्यंबकराव चिडले. "काय चुकलं ते तरी सांगशील?" तर म्हणाल्या, "हाताला कळेल." त्यावर ते पाटावरून उठून गेले. थोड्या वेळाने परत येऊन बसले. खाली विहिरीवरून काळुराम रोज ओरडून विचारत, "काय सायेब, झाली का पास?" त्र्यंबकराव पुढची चकली पाडायला घेत.

दिवाळीच्या आदल्या दिवशी घरात दोन डबे होते. मोठा शालनताईंचा, गिऱ्हाइकांसाठी. लहान त्र्यंबकरावांचा, घरात खाण्यासाठी, म्हणजे पाहुण्यांना दाखवायचा नाही असा. त्यातल्या वरच्या थरात जरा गोल, जरा काटेरी अशा काही चकल्या होत्या, पण त्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

दुपारी एक बाई आल्या, ओळखीच्या नव्हत्या. दार त्र्यंबकरावांनी उघडलं.

"खाली पाटी बघितली," त्या म्हणाल्या. "चकल्या तुम्ही करता का?"

एका महिन्यापूर्वी याच प्रश्नाला ते हो म्हणायला निघाले होते, पाटीवर, पांढऱ्या रंगात.

"नाही, आमची ही करते," ते म्हणाले. "मी अजून शिकतोय."

शालनताई आतून आल्या, बाईंना बसा म्हणाल्या आणि फडताळापाशी गेल्या. मोठ्या डब्यावर ठेवलेला हात त्यांनी उचलला आणि लहान डबा खाली काढला.  त्र्यंबकराव जवळ जाऊन हळूच म्हणाले, "अगं, तो माझा डबा आहे."

"माहीत आहे मला," शालनताई म्हणाल्या. त्यांनी वरच्या चकल्या एकेक करून पिशवीत भरल्या, तोंड बांधलं आणि पिशवी बाईंच्या हातात दिली.

बाई जिना उतरून कोपऱ्यावर वळेपर्यंत त्र्यंबकराव गॅलरीत उभे होते.